पत्ता कुणाच्या नावावर?

स्वतःच्या डोमेनचा मेल आयडी घ्यावा की नाही, यावर नांदेड-लातूरकडे दोनच मतं ऐकू येतात. वेबसाइट करून देणारे सांगतात, ‘व्हिजिटिंग कार्डावर जीमेल दिसलं की समोरचा तुम्हाला किरकोळ समजतो. फर्मच्या नावाचा आयडी घ्या, फुकटात करून देतो.’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘मेल वाचतंय कोण? सगळा कारभार व्हॉट्सअपवर. जीमेल चालतंय की.’ वरवर ही मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोघांचीही नजर कार्डावर काय छापलंय यापलीकडे जात नाही.

माझ्या मते कार्डाची शोभा हा यातला सगळ्यात किरकोळ मुद्दा आहे. खरा मुद्दा मालकीचा. ‘ॲट’च्या पुढचं नाव, म्हणजे डोमेन, ही एक वस्तू आणि त्या नावावर आलेला मेल साठवणारा मेलबॉक्स ही दुसरी. मेलबॉक्स फुकट मिळत असेल तर खुशाल घ्यावा. नाव मात्र फुकट घेऊ नये, उसनं घेऊ नये, दुसऱ्याच्या खात्यात ठेवू नये. ते पैसे मोजून आपल्या नावावर करून घ्यावं, आणि तेवढं जमणार नसेल तर जीमेलवरच राहावं. आपल्याकडे होतं नेमकं उलटं. नाव पॅकेजमध्ये ‘फ्री’ म्हणून डोळे झाकून घेतलं जातं आणि घासाघीस चालते ती मेलबॉक्सच्या भाड्यावर.

१. मेल आयडीचं काम बदललं आहे

व्हॉट्सअपवाल्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. लातूरच्या आडतीवर सोयाबीनचा भाव, गाडीचा नंबर, काट्याची पावती, बँकेत भरलेल्या पैशाचा स्क्रीनशॉट, सगळं व्हॉट्सअपवरच येतं-जातं. पत्रव्यवहाराचं साधन म्हणून मेल आपल्या बाजारपेठेत कधी रुजलाच नाही. टपालावरून आपण थेट मोबाइलवर उडी मारली. पण म्हणून मेल आयडी बिनकामाचा ठरत नाही. त्याचं काम आता पत्र पाठवण्याचं उरलेलं नाही, ओळख पटवण्याचं झालं आहे. बँक, आयकर, भविष्य निर्वाह निधी, सरकारी खरेदीचं पोर्टल, कुठेही पासवर्ड विसरलात की नवा पासवर्ड लावण्याची वाट बहुधा त्या आयडीतूनच जाते.

जीएसटीचं उदाहरण घ्या. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याचे जे मार्ग दिले आहेत, त्यात नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेलवर पाठवणं हाही एक आहे. आता नांदेडच्या मोंढ्यातल्या एखाद्या व्यापाऱ्याला विचारा, तुमच्या जीएसटी नोंदणीत कोणता आयडी आहे? पुष्कळांना सांगता येणार नाही, कारण नोंदणी करणाऱ्या कर सल्लागाराने घाईत स्वतःचाच आयडी टाकलेला असतो. तोच आयडी आणखी कितीतरी फर्मच्या नोंदणीतही असतो. सल्लागाराशी बिनसलं, तर नोटीस जाते त्याच्याकडे आणि दंड येतो यांच्याकडे.

लातूरला शिकायला येणाऱ्या मुलांचंही तेच. नीटचा अर्ज भरताना मोबाइल नंबर आणि ई-मेल विद्यार्थ्याचा स्वतःचा किंवा पालकांचाच द्यावा, असं एनटीए बजावून सांगते. प्रत्यक्षात ऑनलाइन सेंटरवर बसलेला मुलगा तिथल्या तिथे एक जीमेल उघडतो. मुलाचं नाव, पुढे ‘नीट’, पुढे साल. पासवर्ड अर्जाच्या झेरॉक्सच्या पाठीवर पेनाने लिहिला जातो. ती झेरॉक्स गावाकडच्या पेटीत जाते आणि प्रवेशफेरीच्या वेळी ओटीपी मागितला की सगळं घर ती शोधत बसतं. या मुलाला स्वतःच्या डोमेनची काहीएक गरज नाही. त्याला हवा आहे एक जीमेल, जो त्याच्या स्वतःच्या फोनवर उघडलेला असेल आणि पुढची दहा वर्षं टिकेल. स्वतःच्या नावाचा आयडी ही सरसकट सगळ्यांना द्यायची गोळी नव्हे, हे इथेच सांगून टाकतो.

२. फुकट म्हणजे नक्की काय फुकट?

डोमेनच्या नोंदीत एमएक्स नावाची एक ओळ असते. ‘या नावावर आलेला मेल अमुक सर्व्हरकडे द्या’, एवढंच ती सांगते. ती ओळ बदलली की मेल दुसऱ्या कंपनीकडे जायला लागतो आणि पत्ता तोच राहतो. जुने मेल वेगळे हलवावे लागतात, पण पाठवणाऱ्याला काही कळवावं लागत नाही. माझा सगळा युक्तिवाद या एका ओळीवर उभा आहे. ती ओळ बदलण्याचा अधिकार ज्याच्या हातात, पत्ता त्याचा.

आता ‘फुकट’ या नावाखाली बाजारात काय काय मिळतं ते पाहू.

आपल्याकडे सर्वांत चालणारा प्रकार होस्टिंगसोबतचा. वेबसाइटच्या पॅकेजमध्ये डोमेन, होस्टिंग आणि ‘पाच मेल आयडी फ्री’. हा मेल वेबसाइटच्याच सर्व्हरवर राहतो आणि त्या सर्व्हरवर आणखी शेकडो वेबसाइटी असू शकतात. त्यातल्या एकाने कचरा मेल पाठवले तरी तुमचा मेल संशयित ठरतो. वर्षाचं होस्टिंग भरलं नाही की वेबसाइटबरोबर मेलही बंद. हा फुकटातला सर्वांत महागडा प्रकार, आणि नेमका हाच सर्वाधिक विकला जातो.

दुसरा प्रकार मेल कंपनीच्या मोफत योजनेचा. चेन्नईच्या झोहोच्या मोफत योजनेत सध्या एका डोमेनवर पाच जणांना प्रत्येकी ५ जीबी जागा मिळते. मात्र त्यात आयमॅप-पॉप नाही. म्हणजे मेल झोहोच्या वेबवर किंवा झोहोच्याच ॲपवर वाचायचा, आउटलुकसारख्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये ओढायचा नाही. लहान संस्थेला हे चालण्यासारखं आहे. तिसऱ्या प्रकारात नुसती पाठवणी असते. तुमच्या नावावर आलेला मेल तुमच्याच जीमेलवर ढकलला जातो. क्लाउडफ्लेअर ही सोय २०२१ पासून फुकट देते. पण उत्तर देताना वेगळी व्यवस्था केली नसेल तर ते जीमेलच्याच आयडीवरून जातं आणि ‘शोभा’वाल्यांची पंचाईत होते.

चौथा प्रकार खरा धोक्याचा, कारण त्यात नावच फुकट असतं. फ्रीनॉम नावाची कंपनी डॉट टीके, डॉट एमएल, डॉट जीए अशी डोमेनं फुकट वाटायची. फसवणूक करणाऱ्यांनी त्यांचा सुळसुळाट केला, मेटाने खटला भरला, २०२३ मध्ये नव्या नोंदण्या बंद झाल्या, गॅबन देशाने आपलं डॉट जीए परत घेतलं आणि २०२४ मध्ये कंपनीने डोमेनचा धंदाच सोडला. ज्यांनी त्या नावावर पाट्या रंगवल्या असतील त्यांना दाद मागायला जागा राहिली नाही. पैसेच घेतले नव्हते, तर तक्रार कशाची करणार?

आपल्या सरकारी यंत्रणेनेही फुकटाचा मोह दाखवला होता. डॉट इन डोमेनं सांभाळणाऱ्या निक्सीने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं की महिनाअखेरपर्यंत डॉट इन घेणाऱ्याला किंवा नूतनीकरण करणाऱ्याला २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेतलं ‘डॉट भारत’ डोमेन आणि त्या भाषेतला मेल पत्ताही मोफत. हेतू चांगला होता. पण डोमेन ही दरवर्षी भरण्याची गोष्ट आहे. पहिलं वर्ष फुकट मिळालं तरी दुसऱ्या वर्षाचं स्मरण कुणाला राहणार, हा प्रश्न अशा प्रत्येक योजनेत तसाच राहतो.

३. देणारे मागे सरतात, आणि ते ठीकच आहे

या सगळ्यावर जाणत्यांचा आक्षेप असा, की मेलबॉक्स तरी फुकट का घ्यायचा? आज देणारा उद्या बंद करील. इतिहास पाहता त्यांचं खरं आहे. गुगलने २००६ मध्ये स्वतःच्या डोमेनवर जीमेल फुकट द्यायला सुरुवात केली. पुढे माणसांची मर्यादा उतरत उतरत दहावर आली आणि डिसेंबर २०१२ मध्ये नव्यांसाठी दार बंद झालं. जानेवारी २०२२ मध्ये जुन्यांनाही ‘पैसे भरा’ म्हणून सांगण्यात आलं. ओरड झाली तेव्हा घरगुती वापरापुरती सूट मिळाली. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये आपली अशीच सोय नव्या लोकांसाठी थांबवली. शिक्षणसंस्थांना गुगलने अमर्याद जागा दिली होती, तीही २०२२ पासून संस्थेला एकत्रित १०० टीबीवर आली. फुकट वाटून सवय लावायची आणि मग मोजायला सुरुवात करायची, हा धंद्याचा जुना नियम आहे. त्यात विश्वासघात शोधू नये.

पण या इतिहासातून निघणारा धडा आक्षेप घेणाऱ्यांना वाटतो त्याच्या उलटा आहे. २०२२ मध्ये ज्यांचं डोमेन स्वतःच्या ताब्यात होतं त्यांनी एमएक्सची ओळ बदलली आणि दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं. पत्ता शाबूत राहिला. इंडियाटाइम्सची मेल सेवा २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या ग्राहकांना अशी वाटच नव्हती. नाव इंडियाटाइम्सचं होतं, ते घेऊन कुठे जाणार? प्रत्येक बँकेत, प्रत्येक पोर्टलवर नवा आयडी नोंदवत बसणं एवढंच त्यांच्या हाती होतं.

याहून मोठं उदाहरण दिल्लीचं आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल एनआयसीच्या जुन्या यंत्रणेतून झोहोच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या ऑक्टोबर २०२५ मध्ये आल्या. पण कुणाचाही पत्ता बदलला नाही. ‘जीओव्ही डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ सरकारचंच राहिलं, बदलला तो मेलबॉक्स. लातूरच्या दालमिलवाल्यानेही एवढंच करायचं आहे, फक्त १२ लाखांच्या जागी पाच जण.

४. नाव नेमकं कुणाचं?

आता गाठ येते ती इथे. आपल्या भागातल्या लहान संस्थांची डोमेनं बहुतेकदा मालकाच्या नावावर नसतात. वेबसाइट करणाऱ्या पोराने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या मोबाइल नंबरावर, स्वतःच्या कार्डाने ती घेतलेली असतात. त्यात लबाडी नसते. मालकाने ‘तूच बघ सगळं’ म्हटलेलं असतं. पोरगा हुशार असतो, दोन वर्षांत पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागतो आणि नांदेडची कामं मागे पडतात. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या आयडीवर जात राहते. डॉक्टरसाहेबांच्या हॉस्पिटलचं डोमेन एके दिवशी बंद पडतं आणि त्यांना ते कळतं पेशंटने सांगितल्यावर. शेतात वर्षानुवर्षं राबून सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचंच निघावं, तशातली ही गत.

यात एक बारीक खोच आहे, ती जाणकारांनाही चुकते. डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे संपर्काचा आयडी म्हणून काही जण त्याच डोमेनवरचा आयडी देतात. डोमेनची मुदत संपून मेल बंद झाला, की ‘मुदत संपली, पैसे भरा’ ही सूचनाही त्याच बंद मेलबॉक्सवर जाते. संपर्कासाठी साधं जीमेल द्यावं, आणि तेही मालकाचं. मी फुकट जीमेलची भलामण करतो ती या जागी मनापासून.

लातूरच्या ट्युशन एरियात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. क्लासेस भागीदारीत निघतात आणि भागीदारीतच फुटतात. फिजिक्सचे सर एकीकडे, बायोलॉजीचे दुसरीकडे, जुन्या नावापुढे ‘न्यू’ लावून तिसरी पाटी. जागा, बाकं, डिपॉझिट यांची वाटणी बसून होते. डोमेन ज्याच्या खात्यात तो काहीच न बोलता निघून जातो. त्या आयडीवर पुढच्या वर्षीच्या चौकशा येतात, पालकांचे मेल येतात, आणि त्याच आयडीवर टेस्ट सिरीजच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन असतं. एमएक्सची ओळ ज्याच्या हाती, त्याला पुढचे मेल सहज वाचता येतात आणि पासवर्डही बदलता येतात.

कॉलेजांची स्थिती या बाबतीत बरी आहे आणि त्याचं कारण लक्षात घेण्याजोगं आहे. ‘एसी डॉट इन’ची डोमेनं फक्त अर्नेटकडून आणि शैक्षणिक संस्थांनाच मिळतात. संस्थेची कागदपत्रं दाखवल्याशिवाय नाव मिळत नाही. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अशाच पत्त्यावर आहे. कागदपत्रांची ही कटकटच नावाला संस्थेशी बांधून ठेवते. प्राचार्य निवृत्त झाले म्हणून डोमेन त्यांच्या घरी जात नाही. डॉट कॉम पाच मिनिटांत मिळतं, कुणालाही मिळतं, म्हणूनच ते कुणाच्याही खात्यात पडून राहतं.

प्राध्यापकांनी मात्र याची दुसरी बाजू ध्यानात ठेवावी. कॉलेजच्या डोमेनवरचा आयडी संशोधनासाठी उपयोगी आहे. गुगल स्कॉलरवर संस्थेच्या मेलनेच ओळख पटवली जाते. पण तो आयडी तुमचा नाही. बदली किंवा निवृत्तीनंतर तो बंद होऊ शकतो, म्हणून पेन्शन, बँक आणि आयकर त्यावर कधीही नोंदवू नये.

५. उरलेले आक्षेप

‘स्वतःचं डोमेन विसरलं तर जीमेलपेक्षा वाईट.’ हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि मला तो मान्य आहे. जीमेल वापरात असेल तर बंद पडत नाही. दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर मात्र गुगल आता खातं काढून टाकू शकतं. डोमेनचं तसं नाही. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत मिळते, मग जास्त पैसे भरून सोडवण्याची एक संधी, आणि त्यानंतर ते जगात कुणालाही विकत घेता येतं. घेणाऱ्याने मेलबॉक्स उघडला की तुमच्या नावाचे सगळे मेल त्याला मिळायला लागतात, बँकेचे पासवर्ड बदलण्याचे दुवेसुद्धा. ज्या फर्ममध्ये दुकानाचा गुमास्ता परवानासुद्धा कोण बघतो हे ठरलेलं नाही, तिने या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांनी डोमेन एकदम पाच-दहा वर्षांसाठी घ्यावं. दहापर्यंत घेता येतं, आणि डॉट इनचा वर्षाचा खर्च साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर असतो.

‘मग मेलही विकतच घ्या ना.’ दहा-पंधरा माणसं मेलवर काम करतात तिथे जरूर घ्यावा. बियाणं कंपनी, मोठं हॉस्पिटल, निर्यात करणारी दालमिल यांना माणशी दरमहा शंभरावर रुपये जड नाहीत आणि बॅकअप, हिशेब, जबाबदारी सगळं नीट होतं. पण ज्या क्लासमध्ये दिवसाला चार मेल येतात तिथे त्याची गरज नाही. तिथे पाच फुकट मेलबॉक्स पुरतात, फक्त ते माणसांच्या नावाने काढू नयेत. प्रवेश, हिशेब, परीक्षा अशा कामांच्या नावाने काढावेत. सर गेले तर त्यांच्या नावाचा आयडी मरतो, ‘हिशेब’ राहतो. ‘पर्सनलाइज्ड’ म्हणून विकली जाणारी गोष्ट संस्थेने शक्य तितकी अव्यक्तिगत वापरावी, असं माझं मत आहे.

‘स्वतःचं डोमेन असलं की लोक विश्वास ठेवतात.’ मेलची यंत्रणा इतकी भाबडी नाही. मेल खरोखर त्याच डोमेनवरून निघाला का, हे तपासायला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन नोंदी असतात आणि फेब्रुवारी २०२४ पासून गुगल-याहूने त्याबाबतचे नियम कडक केले आहेत. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला तर तिन्ही लागतात. या नोंदी न करता काढलेला ‘प्रोफेशनल’ आयडी स्पॅममध्ये जातो आणि शेजारच्या किराणा दुकानाचं जीमेल इनबॉक्समध्ये पोचतं. नोंदी केल्या तर मात्र एक खरा फायदा आहे. ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असा मेल तुमच्या हुबेहूब पत्त्यावरून पाठवणं ठकाला अवघड होतं. जीमेलवर एखादं अक्षर इकडेतिकडे करून तुमच्यासारखा आयडी कुणीही काढू शकतो. तसंच एका अक्षराच्या फरकाचं डोमेनही कुणी घेऊ शकतो, हेही खरं. पण निदान ‘आमचा मेल याच नावावरून येईल’ असा एक नियम गिऱ्हाइकाला सांगता येतो.

‘मराठीतच पत्ता का नाही?’ देवनागरीतलं ‘डॉट भारत’ ऑगस्ट २०१४ पासून आहे आणि राजस्थान सरकारने २०१७ मध्ये नागरिकांना हिंदी पत्ते फुकट दिले. इंग्रजी स्पेलिंगच्या भानगडीतून सुटका होणार असेल तर मला ते हवंच आहे. पण अजून कितीतरी अर्ज देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत. आज तो जोडीला ठेवता येतो, त्याच्यावर बँक सोपवता येत नाही.

६. एक कलम

उरतो तो भागीदारीचा प्रश्न, आणि तो तांत्रिक नाही. क्लासच्या किंवा फर्मच्या भागीदारीपत्रात जागा, भांडवल, नफ्याचा वाटा यांची कलमं असतात. डोमेनचं नसतं. ते घालावं. नोंदणी फर्मच्या नावे कोणत्या खात्यातून, संपर्काला कुणाचा मोबाइल आणि कोणतं जीमेल, पासवर्ड कोणत्या दोघांकडे, फूट पडली तर डोमेन कुणाकडे, आणि ज्याच्याकडे राहील त्याने दुसऱ्याचे मेल किती महिने पुढे पाठवायचे, एवढं त्यात यावं. वेबसाइटवाल्याशी करार असेल तर त्याच्याकडून पॅनेलचं लॉगिन आणि ट्रान्सफर कोड काम संपायच्या आधी लिहून घ्यावा, शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा. स्टॅम्पपेपर तयार करणारा वकील विचारील, हे कशाला? त्याला फर्मच्या जीएसटीचा ओटीपी कोणत्या आयडीवर येतो, ते उघडून दाखवावं.